भागरताबाईंचे बेचाळीस आंबे

भागरताबाई रामटेके यांनी मला जितक्या वेळा ‘काऊन?’ विचारलं, तितक्या वेळा आयुष्यात दुसऱ्या कुणी विचारलं नसेल. काऊन म्हणजे का. आमच्या झाडीपट्टीत हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतो, पण बहुतेकांना उत्तराची घाई नसते. भागरताबाई विचारून थांबायच्या. हातातलं काम तसंच ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. तुम्ही काहीतरी जुळवून सांगितलंत, तर मान खाली घालून पुन्हा कामाला लागायच्या. ‘माहीत नाही’ म्हणालात, तर मात्र म्हणायच्या, “मंग पाहू ना.”

नव्व्याण्णव साली कृषी सहायक म्हणून माझी बदली चोरखमारा तलावाच्या बाजूच्या गावांत झाली. गोंदिया जिल्हा नुकताच भंडाऱ्यातून वेगळा झाला होता. तलावाचं पाणी मिळतं तिथे जो तो धान लावणारा, आणि माझं कामही बहुतेक धानाचंच. त्या सगळ्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, मधोमध एक आमराई होती. लंगडा आणि दशहरी, मिळून बेचाळीस झाडं. भागरताबाईंचे सासरे रेल्वेत गँगमन होते. त्यांनी उत्तरेकडून येणाऱ्या गाडीने कलमं मागवली होती आणि ती कावडीने पाणी घालून जगवली होती. बौद्धवाड्यातल्या माणसाने आमराई लावावी, याचं गावातल्या काही लोकांना तेव्हा हसू आलं होतं म्हणे. मी गेलो तेव्हा सासरे नव्हते. भागरताबाई, त्यांचे यजमान डोमाजी आणि शेजारीच वेगळी चूल मांडलेला दीर सीताराम, एवढी माणसं.

डोमाजी उंचापुरा, गळा गोड असलेला माणूस. त्यांच्याकडे स्वतःचा फवारणीचा पंप होता आणि आजूबाजूची दहा गावं त्यांना फवारायला बोलवत. आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे बसतात, रस शोषतात, पानांवर चिकटा पडतो आणि मोहोर करपून जातो. त्या वर्षी तुडतुडे फार होते. डोमाजी माझ्याकडे आले. मी एका चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून दिलं. असं मी रोज कुणाला ना कुणाला लिहून देत असे.

डोमाजींनी तीन दिवस सलग फवारलं. अंगात बनियन, तोंडाला काही नाही. आंब्याचं झाड उंच, त्यामुळे वर मारलेलं सगळं खाली अंगावरच येतं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला होता. दुपारी ते झाडाखाली बसले, तोंडाला फेस आला, आणि पाय झाडायला लागले.

मी गोंदियाच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा भागरताबाई वऱ्हांड्यात फरशीवर बसल्या होत्या. हातात औषधाच्या बाटलीबरोबर येणारा घडीचा कागद होता. त्या सातवी शिकल्या होत्या. अक्षर मुंगीएवढं, म्हणून कागद लांब धरून एकेक शब्द वाचत होत्या. मी समोर बसलो तरी वाचणं थांबलं नाही. अंगभर कपडे घालावेत, तोंड झाकावं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि मला विचारलं, “साहेब, हे तुमी वाचलं होतं काय?”

“नाही,” मी म्हणालो.

“काऊन?”

मला खरंच माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी ती घडी पदराच्या टोकाला बांधली. त्यानंतर बारा वर्षं आमची ओळख राहिली, पण त्यांनी या गोष्टीवरून मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

डोमाजी वाचले. म्हणजे घरी आले. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या पायांतला जोर गेला. काठी घेऊनही पाऊल नेमकं पडेना. हात इतके कापायचे की चहा बशीत ओतून द्यावा लागायचा. गाणं गेलं. कधी कधी सीतारामचं नाव आठवायचं नाही.

भागरताबाईंनी पंप विहिरीच्या काठावर आपटून फोडला. तो विकला असता तरी चाललं असतं, असं सीताराम म्हणाला, तर त्या म्हणाल्या, “ज्याले विकला असता, त्याच्या बायकोले मी काय सांगू?” त्या दिवसापासून फवारणीच्या बाटलीला त्यांनी औषध म्हटलं नाही. दुसरं कुणी म्हटलं की त्या टोकायच्या. “औषध मंजे ज्यानं मानूस बरा होते. याले जहर मना.”

बोलणं सोपं होतं. आमराई सांभाळणं सोपं नव्हतं. पुढच्या वर्षी तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला, पानं चिकट्याने काळी पडली. जे आंबे धरले, त्यांत फळमाशीने अंडी घातली. वरून आंबा पिवळाधमक, आणि कापला की आत पांढऱ्या अळ्या. गोंदियाच्या बाजारातून सगळा माल परत आला. भागरताबाई बाजाराच्या फाटकाशीच बसल्या आणि कोयत्याने एकेक आंबा कापत गेल्या. येणारे-जाणारे ओलांडून जात होते. हिंदीत कुणीतरी म्हणालं, “पगली है क्या?” त्यांनी सगळे आंबे कापले. चांगले निघाले ते एका पदरात मावले.

सीताराम दुष्ट माणूस नव्हता. तो म्हणाला, “वहिनी, दादाची हालत अशी. झाडं तोडू, बांध्या पाडू, धान लावू. कालव्याचं पानी हाय.”

“तीन सालं दे मले,” भागरताबाई म्हणाल्या.

“काऊन तीन?”

“मले मालूम नाई. पन दे.”

त्याने दिली.

मग त्यांनी मला हाताशी धरलं. विषाशिवाय काय करता येतं ते सांगा, म्हणाल्या. प्रशिक्षणात आम्हाला चार ओळी शिकवल्या होत्या. त्या मी कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या, कारण कुणी विचारल्याच नव्हत्या. जुनी वही शोधून मी वाचून दाखवली. निंबोळ्या वाळवून, कुटून, रात्रभर भिजवून त्याचा अर्क फवारायचा. उन्हाळ्यात झाडाखालची माती खणून उलटी करायची, म्हणजे फळमाशीचे कोष उन्हाने मरतात. गळलेला प्रत्येक आंबा उचलून खोल खड्ड्यात पुरायचा. अळी मातीत शिरली की पुढची माशी तयार.

मी वाचलं आणि घरी गेलो. त्यांनी ते सगळं केलं. अख्खं गाव झोपलेलं असताना निंबोळ्या वेचायला निघायच्या. अंगाला कायम निंबोळीचा कडवट वास. कंबरभर खोल खड्डे स्वतः खणले. दहा-बारा कोंबड्या आणून झाडाखाली सोडल्या. त्या माती उकरून कोष खात. मी गेलो की दोन बोटांत एखादा कोष धरून दाखवायच्या. तांदळाच्या दाण्याएवढा, विटकरी रंगाचा. “हा एक. अजून किती?” असं म्हणून बोटाने चिरडायच्या.

तरी माशी आलीच. कुठून येते ते त्यांनी आठवडाभर बघितलं. बांधापलीकडे पटल्यांची आमराई होती. पटले गावातलं मोठं घर. तिथे गळलेले आंबे तसेच सडत पडायचे. भागरताबाई टोपली घेऊन पहाटे बांध ओलांडायला लागल्या आणि पटल्यांच्या झाडांखालचे सडके आंबे उचलून आणून स्वतःच्या खड्ड्यात पुरायला लागल्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी पटल्यांच्या गड्याने पकडलं. ग्रामपंचायतीसमोर बोलावणं आलं. म्हातारे पटले खुर्चीवर, आजूबाजूला चार माणसं. मी तिथे होतो कारण मला एका कागदावर सही हवी होती.

“आमच्या वाडीत शिरलीच कशी?” पटले म्हणाले. “आंबे चोरते अन् वर तोंड करून उभी राहते.”

भागरताबाईंनी टोपली पुढे ठेवली. त्यातला एक आंबा उचलला, अंगठ्यांनी फोडला आणि पटल्यांच्या पायांजवळ धरला. अळ्या टपाटप खाली पडल्या. फळमाशीची अळी अंगाची कमान करून उडी मारते. एक उडून पटल्यांच्या धोतरावर बसली.

“हे चोरून राहिली मी,” त्या म्हणाल्या. “तुमाले पायजे असंन तं वापस घ्या.”

कुणीतरी हसलं. पटले हसले नाहीत. बौद्धवाड्यातली बाई आपल्या वाडीत शिरली, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. उद्यापासून पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं आणि बांधावर काटे टाकले. त्या वर्षी निम्मा माल किडला. तीनपैकी एक साल गेलं होतं.

भागरताबाईंची बहीण देवरीच्या पुढे जंगलात दिली होती. तिच्याकडे एका तेरवीला गेल्या असताना त्यांनी गावच्या आंब्याखाली पडलेला आंबा सवयीने फोडून बघितला. साफ. दुसरा फोडला, तोही साफ. वर बघितलं, तर झाडभर लाल मुंग्यांची घरटी. पानाला पान शिवून केलेली, नारळाएवढी. तिकडचे लोक त्या मुंग्यांना माटा म्हणतात, आणि त्यांची चटणी करून खातात. एका गोंड म्हातारीला त्यांनी विचारलं, “काऊन गे, तुमच्या आंब्यात कीडा नाई?” म्हातारी म्हणाली, “माटा असते तिथं दुसरं कोन राहीन?”

परत आल्या त्या एसटीने, मांडीवर पोतं घेऊन. पोत्यात फांद्यांसकट तोडलेली सहा घरटी. कंडक्टरने विचारलं तर पाला म्हणाल्या. साकोलीच्या अलीकडे पोत्याची शिवण उसवली. मुंग्या बाहेर आल्या, लोक सीटवर चढले, एका शिक्षकाच्या विजारीत शिरल्या. कंडक्टरने भागरताबाईंना महामार्गावर उतरवून दिलं. तिथून पोतं डोक्यावर घेऊन त्या चालत निघाल्या आणि एका ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसून पुढे आल्या. मान आणि कान सुजून लाल झाले होते. मला हे सांगताना त्या जरा हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं असेल तर तेवढंच.

सहा घरटी सहा झाडांवर बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांखाली मेलेल्या मुंग्यांचा सडा. घरटी वेगवेगळ्या कुळांतली होती. मुंग्या रात्रभर एकमेकींशी लढून मेल्या. मी पोचलो तेव्हा भागरताबाई तो सडा हाताने गोळा करत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तोंडावर रडण्याची काही खूण नव्हती, फक्त पाणी.

“साहेब, मी जंगलातून त्याईले मारायले आनलं काय?” त्या म्हणाल्या.

पुन्हा देवरीला गेल्या. या वेळी गोंड म्हातारीने एकाच कुळाची घरटी ओळखून काढून दिली. अशा कुळात राणी एकच असते, एकाच घरट्यात असते, आणि ती मेली की सगळं कूळ हळूहळू संपतं, हेही तिनेच सांगितलं. भागरताबाईंनी झाडाझाडांमध्ये बांबूच्या कामट्या आणि सुतळ्या बांधल्या, म्हणजे मुंग्यांना जमिनीवर न उतरता या झाडावरून त्या झाडावर जाता यावं. या मुंग्या तुडतुडे खातात, अळ्या खातात, फळमाशीला फळावर बसू देत नाहीत. पिठ्या ढेकणाला मात्र त्या जपतात, गोड रसासाठी. ते पांढरे ढेकूण भागरताबाई साबणाच्या पाण्याने एकेका डहाळीवरून पुसून काढायच्या.

डोमाजींना त्यांनी एक काम दिलं होतं. झाडाखाली खाटेवर बसायचं आणि सुतळीवरून मुंग्या चालल्यात की नाही ते बघायचं. माणूस आनंदाने बघत बसे. “चालल्या,” म्हणे. दिवसातून वीस वेळा.

एकदा मी आणि भागरताबाई दुसऱ्या टोकाला होतो. परत आलो तर डोमाजी खाटेवरून पाय खाली सोडून बसले होते आणि वर सुतळीकडे बघत होते. घोट्यांपासून पोटऱ्यांपर्यंत त्यांचे पाय मुंग्यांनी लाल झाले होते. एक मुंगी चावली तर आपण कळवळतो. तिथे शेकडो होत्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चालल्या.”

भागरताबाईंनी गुडघ्यांवर बसून मुंग्या झटकल्या. पाय चाव्यांनी फुलले होते. “दुखून राहिलं काय?” त्यांनी विचारलं. डोमाजी विचारात पडले. मग म्हणाले, “काय?”

त्या त्यांचे पाय मांडीवर घेऊन कितीतरी वेळ तशाच बसल्या. मी विहिरीकडे निघून गेलो. मला तिथे उभं राहता आलं नाही.

तिसऱ्या साली आंबा आला. पानं हिरवी, मोहोर टिकलेला, आणि कापावं तो आंबा साफ. तोडायला मात्र माणूस मिळेना. मुंग्यांच्या झाडावर कोण चढणार? भागरताबाईंनी पन्नाशीच्या वयात लुगड्याचा काचा मारला, हातापायांना चुलीतली राख चोळली आणि स्वतः चढल्या. राखेवर मुंगीचा पाय ठरत नाही. गोंदियाच्या आडत्याने चार आंबे कापले, पाचवा कापला, आणि हिंदीत विचारलं, “कौन सी दवा मारी, बाई?” त्या म्हणाल्या, “चींटी.” त्याला ती थट्टा वाटली.

अशी तीन-चार वर्षं बरी गेली. सीतारामही झाडं तोडायचं बोलेनासा झाला. मग एका माघात डोमाजींना श्वासाचा त्रास सुरू झाला, म्हणून भागरताबाई त्यांना नागपूरला घेऊन गेल्या. वीस-बावीस दिवस राहिल्या. इकडे ढगाळ हवा आली आणि तुडतुडे एकदम वाढले. सीताराम घाबरला. वहिनीचा मोहोर जाईल, दादाच्या आजारपणात घरात काही राहणार नाही, असं त्याला वाटलं. त्याने बौद्धवाड्यातल्याच सुभाषला बोलावून सगळी आमराई फवारून घेतली. मला विचारायला आला असता तर मी थांबवलं असतं. पण मी त्या आठवड्यात तालुक्याला बैठकीत होतो.

त्या परत आल्या तेव्हा डोमाजी बरोबर नव्हते. त्यांना नागपूरलाच अग्नी देऊन आल्या होत्या. बैलगाडीतून उतरून थेट आमराईत गेल्या. मुंग्या झाडांखाली पसरल्या होत्या, वाळलेल्या, पायाखाली चुरचुरणाऱ्या. सीताराम मागे उभा.

त्यांनी झाडांबद्दल काही विचारलं नाही. “पंप कोनाच्या पाठीवर होता?” एवढंच विचारलं.

“सुभाषच्या.”

“तोंड बांधलं होतं त्यानं?”

सीतारामने मान खाली घातली.

भागरताबाई तशाच, प्रवासाच्या लुगड्यात, सुभाषच्या घरी गेल्या. त्याला समोर बसवलं, डोळ्यांची बुबुळं पाहिली, हात पुढे करायला लावले, दहा पावलं चालायला लावलं. दोन दिवस त्याच्या दारात बसून राहिल्या. नवरा गेल्याचं भेटायला येणारी माणसं तिथेच येऊन भेटून गेली. सुभाषची बायको वैतागली. तो ठणठणीत आहे अशी खात्री झाली तेव्हा उठल्या. सीतारामला म्हणाल्या, “तूनं चांगल्यासाठीच केलं बापा. तुले कोन काय मनीन?” आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

वाटणीत सीतारामच्या वाट्याची तेवीस झाडं त्याच साली तुटली. तिथे आता बांध्या आहेत. त्याला दोष देववत नाही. धान दरवर्षी पिकतं. भागरताबाईंच्या एकोणीस झाडांवर पुन्हा फळमाशी आली. त्या पुन्हा देवरीला गेल्या. गोंड म्हातारी वारली होती. कूळ ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. दोनदा आणलेल्या मुंग्या लढून मेल्या, तिसऱ्यांदा थोड्या तगल्या. आजूबाजूला सगळे फवारत होते, आणि वारा आला की ते त्यांच्या झाडांवर यायचं. “मी एकटीनं किती दिवस करू, साहेब?” असं एकदा म्हणाल्या. उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सांगायला गेलो, तर अंगणात पटल्यांचा थोरला मुलगा उभा होता. चाळिशीचा, सरळ माणूस. म्हातारे पटले जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा गडी फवारताना पडला होता आणि अजून दवाखान्यात होता. मुलगा चाचरत म्हणाला, “काकी, एक घरटं द्या. आमच्या झाडाले लावून पाहीन.”

भागरताबाईंकडे तेव्हा दोनच घरटी उरली होती. एका कुळाची. राणी त्यातल्या एकात, आणि कुठल्या ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

मी त्यांच्या कानाशी म्हणालो, “बाई, चुकीचं गेलं तर तुमच्याकडे काही राहणार नाही.”

“आन थे इथं ठेवून तं किती दिवस राहीन?” त्या म्हणाल्या. “त्याच्या वाडीत झाडं जास्ती हायेत.”

राणी दिलेल्या घरट्यात होती. हे मला वर्षभराने सीतारामकडून कळलं. पटल्यांच्या आमराईत आज मुंग्या आहेत. भागरताबाईंच्या झाडावरच्या दिवाळीपर्यंत विरत गेल्या. नंतरच्या वर्षी भागरताबाईही गेल्या. ताप आला आणि चार दिवसांत संपलं.

पण मी शेवटचं त्यांना पाहिलं ते त्या दिवशी. पटल्यांचा मुलगा शिडीपाशी जाऊन वर बघत होता आणि चढायला बिचकत होता. त्यांनी चुलीतून राख आणली. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि लहान लेकराला तेल लावावं तशी दोन्ही हातांना खांद्यापर्यंत राख चोळली. तो संकोचून उभा होता. मग तो चढला, आणि त्यांनी खालून शिडी धरली. त्याने फांदीला कोयता लावताच घरटं हललं, आणि मुंग्यांची धार खाली ओघळली. त्यांच्या केसांत, मानेवर, पदराच्या आत. त्या अंग आखडून, डोळे मिटून उभ्या होत्या. “सावकास काप,” त्या म्हणाल्या. शिडी त्यांनी सोडली नाही.